रस्ता कोणाचा, धूर कोणाचा?

जी पीडा आपल्या हातून थेंबाथेंबाने घडते आणि जी भोगणारा आपल्या डोळ्यांसमोर नसतो, तिचा दोष आपल्याकडे येतो की नाही, याविषयी आपली मने फारशी निश्चित नाहीत. शहरातील रोजचा प्रवास हे याचे ठळक उदाहरण होय. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. एकटा गृहस्थ मोटारीने कचेरीस गेला, तर त्याच्या मोटारीचा हा सारा भार त्याच्याच माथी येतो. बसला इंधन अधिक लागते खरे; परंतु तिचा भार पन्नास उतारूंत वाटला जातो.

कोणी म्हणेल, ‘मी एकट्याने मोटार सोडल्याने काय होणार?’ या युक्तिवादात गणित आहे, नीती नाही. तो मान्य केला, तर कर चुकविणाराही निर्दोष ठरेल. कारण त्याच्या एकट्याच्या कराने खजिना भरत नाही.

श्रावणातील खुलभर दुधाची कहाणी घरोघरी ठाऊक आहे. राजाच्या धाकाने गावाने सगळे दूध गाभाऱ्यात ओतले, मुले-वासरे उपाशी राहिली, तरी गाभारा भरला नाही. घरच्यांना तृप्त करून म्हातारीने उरलेले खुलभर दूध आणले, तेव्हा तो भरला. अल्प वाटा व्यर्थ नसतो, ही या कहाणीची एक शिकवण; आणि गरजवंताच्या तोंडचे काढून पुण्यकार्य सिद्धीस जात नाही, ही दुसरी.

लंडनने ही दुसरी गोष्ट ओळखली. फेब्रुवारी २००३ मध्ये तेथे मध्यवस्तीत शिरणाऱ्या मोटारींवर दररोज ५ पौंडांचा आकार बसविण्यात आला. पण त्याबरोबरच सुमारे ३०० जादा बसगाड्याही रस्त्यावर आल्या. मुंबईत मात्र उलट घडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा पथकर माफ झाला आणि मे २०२५ मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपयांवर गेले. बेस्ट तोट्यात आहे, हे कारण खोटे नाही. पण हवा अधिक मळविणाऱ्यास सूट आणि कमी मळविणाऱ्यास भुर्दंड, हा न्याय कोणता?

विजेच्या मोटारीने प्रश्न मिटेल, असेही म्हटले जाते. धूर घटेल, हे खरे. परंतु आपल्या राज्यातील वीज अद्याप मुख्यतः कोळशावर निर्माण होते आणि रस्ता तर ती मोटार तितकाच अडविते.

वृद्ध, आजारी, रात्री उशिरा एकटी परतणारी स्त्री यांना कोणी दोष देऊ नये. परंतु ज्यांना बस वा लोकल सोयीची आहे, त्यांनी तिनेच जावे, असे आम्हांस वाटते. जेथे ती नाही, तेथे ती आग्रहाने मागावी आणि तिच्या खर्चासाठी आपल्या मोटारीवर कर बसल्यास कुरकुर करू नये. ज्या रांगेत सुशिक्षित वर्ग उभा राहत नाही, त्या रांगेची दाद आपल्याकडे सहसा लागत नाही.