मॅगसल्फचा स्वभाव

लेबर रूममध्ये मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, भरायचं ते गरोदर बाईच्या आकड्या थांबवायला, हे नर्सिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला पाठ असतं. पुढे माझी ड्यूटी धनुर्वाताच्या वॉर्डात लागली आणि तिथल्या ट्रेमध्येही तेच ॲम्पूल दिसलं. तिथे खिडक्यांना काळे पडदे असत, कारण उजेडाने किंवा दार आपटल्यानेही रुग्णाला झटका येई. जबडा मिटलेला, पाठ ताणलेली, आणि शुद्ध पूर्ण. वेदना सगळी कळते, ओरडता येत नाही. हे बाळंतपणातलं औषध या माणसाचं कोण लागतं, असा प्रश्न मला तिथे पडला.

धनुर्वाताचा जंतू जखमेतच राहतो. त्याचं विष मज्जातंतूंतून चढत मज्जारज्जूत पोचतं आणि स्नायूंना आवरणारे निरोप बंद पाडतं. १९९२ साली पादुआच्या शियावो, मोंतेकुको आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं एक प्रथिन कापतं. बॉट्युलिझमचं बी प्रकारचं विषही तेच प्रथिन कापतं, अगदी त्याच जागी. तरी एकात शरीर ताठरतं, दुसऱ्यात लुळं पडतं, कारण दुसऱ्याचा घाव स्नायूजवळच्या तंतूच्या टोकाशी बसतो. आणि हेच दुसरं विष अत्यल्प मात्रेत, मान वाकडी होऊन अडकलेल्या रुग्णांना औषध म्हणून टोचतात.

वस्तूला स्वतःपुरता, इतरांवाचून उभा राहणारा स्वभाव नसतो, हे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचं म्हणणं मी धम्मवर्गात ऐकलं होतं. वॉर्डात ते मला खरं वाटलं. मॅग्नेशियम विषाला हातही लावत नाही. तंतूंत शिरलेलं विष बाहेर काढता येत नाही, अँटिटॉक्सिन फक्त मोकळं उरलेलं पकडतं. मॅग्नेशियम तंतूच्या टोकाकडून स्नायूला जाणारा निरोप मंदावतं, ॲड्रिनलिनचा लोंढा आवरतं, आणि तंतूंना नवे जोड फुटेपर्यंतचे आठवडे निभावायला मदत करतं.

पण स्वभाव नाही म्हणजे काहीही कशालाही चालतं, असा अर्थ काढणाऱ्यांचा मला राग येतो. मॅगसल्फ चालू असताना आम्ही ठरावीक वेळाने रुग्णाच्या गुडघ्याचा रिफ्लेक्स बघायचो. तो गेला की मात्रा जास्त झाली. त्यापुढे श्वास थांबतो. म्हणून उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं.

तक्षशिलेत गुरूने, पुढे बुद्धाचा वैद्य झालेल्या जीवकाला सांगितलं होतं, योजनभर फिर आणि औषध नसलेली वनस्पती घेऊन ये. तो रिकाम्या हाताने परतला. सगळेजण या गोष्टीतलं रिकामं परतणं सांगतात. मला त्याचं फिरणं महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक झाडापाशी थांबून, पारखून मगच त्याला औषध नसलेली वनस्पती सापडली नाही, असं म्हणता आलं.

तशीच पारख हो चि मिन्ह शहरातल्या डॉक्टरांनी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत तीव्र धनुर्वाताचे २५६ रुग्ण होते. मॅगसल्फने व्हेंटिलेटरची गरज कमी झाली नाही. मात्र झटके आवरायला आणि हृदयाची धडधड काबूत ठेवायला इतर औषधं कमी लागली. एवढंच, आणि ते कमी नाही. पण मॅगसल्फ दिलंय, आता व्हेंटिलेटर लागणार नाही, असं नातेवाइकांना सांगणं म्हणजे खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडणं आहे.