भ्या वाटलं नाही म्हणे!

बसा. पारावर नको, खाली बसा. पारावर म्हातारी माणसं बसतात. मोबाइल खिशात घाला. चहा मी सांगितलेला नाही आणि तुम्हीही सांगायचा नाही.

कोजागिरीला मंडळाने 'लपाछपी' लावला. "गुरुजी, भुताचा पिक्चर हाय, या," म्हणून तुम्हीच बोलावणं घेऊन आलात. मी आलो. शाल पांघरून, घरची खुर्ची डोक्यावर घेऊन आलो आणि पाट्या पडल्यापासून पाट्या संपेपर्यंत बसलो. तुमच्यातले किती बसले तेही मोजलं. चाळीस वर्षं हजेरी घेतली की ही सवय सुटत नाही. तुम्ही अकरा जण. सुरुवातीला चार हजर. दुधाला उकळी आली तेव्हा त्यातले दोन पातेल्याकडे गेले. बाकीचे अर्ध्या तासाने कापूरहोळवरून मोटारसायकली घेऊन आले आणि हेडलाइट पडद्यावर मारत वळले.

आणि सकाळी टपरीवर निकाल लागला. "बंडल." "बजेटच नाय वो." "लय स्लो." "भ्याच वाटलं नाय, उलट हसू आलं." एकाने तर पाचपैकी एक तारा दिला. अरे लेका, दहावीला भूमितीत तुला पस्तीस मिळावेत म्हणून मी तुझी उत्तरपत्रिका तीन वेळा तपासली होती. आणि तू एका माणसाच्या कष्टाला तोंडात मिसरी धरून एक तारा देतोस?

चित्र फिकट होतं म्हणालास. फिकट दिसणारच! कोजागिरीचं चांदणं, वर मंदिराचा फ्लडलाइट, आणि पडदा म्हणून मंडपवाल्याचं पांढरं कापड, तेही चुण्या पडलेलं. त्या चांदण्यात सुई ओवता येत होती. अंधारावर उभा केलेला सिनेमा तुम्ही वर्षातल्या सगळ्यात उजेडाच्या रात्री लावलात आणि कॅमेरामनला नावं ठेवता? आवाज फुटत होता म्हणालास. तो स्पीकर विसर्जनाच्या मिरवणुकीत फाटला, हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

'हॅलोविन' नावाचा अमेरिकन सिनेमा तुमच्यातल्या दोघांनी पाहिलाय म्हणे, आणि "तसलं बनवायला पैसा लागतो" असंही ऐकलं. ऐका मग. जॉन कारपेंटरने 1978 मध्ये तो जेमतेम सव्वातीन लाख डॉलरांत उरकला. हॉलिवूडच्या हिशेबात ती चिल्लर. खुन्याचा तो पांढरा मुखवटा म्हणजे दुसऱ्याच एका नटाच्या चेहऱ्याचा, दुकानात दोन डॉलरच्या आत मिळालेला. त्यावर पांढरा रंग मारला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली. गोष्ट पानगळीच्या दिवसांतली, शूटिंग मात्र कॅलिफोर्नियाच्या वसंतात. म्हणून कागदाची पानं रंगवली. शॉट झाला की सगळ्यांनी वाकून ती गोळा करायची, पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. अख्ख्या सिनेमात रक्त नावाला. आणि मुख्य गोष्ट ही, की संगीत घालण्याआधी एका कंपनीच्या अधिकारी बाईंना तो दाखवला तेव्हा त्यांनाही भीती वाटली नाही. मग कारपेंटरने स्वतः बसून ती पियानोची धून केली. आवाज नीट लागला नाही तर तो गाजलेला सिनेमासुद्धा भ्या घालत नाही. तुम्ही तर फाटक्या स्पीकरवर आणि हायवेच्या ट्रकच्या हॉर्नमध्ये पाहिलात.

हिचकॉकचा 'सायको' 1960 चा. टीव्हीच्या मालिकेसाठी बांधलेली माणसं घेऊन, काळ्यापांढऱ्यात, काटकसरीने केलेला. न्हाणीघरातलं रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक. पाऊण मिनिटाच्या त्या खुनाच्या प्रसंगाला सात दिवस घातले. आणि या हिचकॉकने थिएटरवाल्यांना तंबी दिली होती की सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही. आपल्या कामथडीला तो असता तर तुमच्यातल्या सात जणांना हायवेवरच उभं केलं असतं.

आता ऊस. इथे मला खरा राग आला.

'लपाछपी' उसात घडतो. आठव्या महिन्यातली बाई, शहरातून आडबाजूच्या घरी आलेली, आणि चारी बाजूंनी माणसापेक्षा उंच ऊस. पुण्या-मुंबईच्या माणसाला ते दृश्य कल्पनेने समजून घ्यावं लागतं. तुम्हाला? राजगड कारखान्याला ऊस घातलेल्या घरांतली पोरं तुम्ही. सांगा बरं, उसात शिरल्यावर काय होतं? दहा पावलांत बांध दिसेनासा होतो. वारा वर सुटतो, पण आत लागत नाही, नुसती सळसळ ऐकू येते. पाचट पायाखाली वाजतं, म्हणजे आपण कुठं आहोत ते दुसऱ्याला कळतं आणि दुसरा कुठं आहे ते आपल्याला कळत नाही. पानाची धार गालाला लागते आणि चिरा कळतात घरी गेल्यावर, घाम झोंबतो तेव्हा. मानेत कूस जाते ती वेगळीच. बिबट्याची आवई उठली की तुम्ही दोघं दोघं मिळून मोटर चालू करायला जाता, तेही मोबाइलवर गाणी लावून. हे सगळं अंगावर असलेला माणूस पडद्यावर ती बाई उसात धावताना बघतो आणि "स्टोरीत दम नाय" म्हणतो! विशाल फुरिया या दिग्दर्शकाने भुतासाठी स्मशान, वाडा, वटवाघूळ काही घेतलं नाही. तुमच्या बांधावरचं पीक घेतलं. पुढे 2021 मध्ये त्यानेच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला. तिथे नट बदलले, भाषा बदलली, ऊस तसाच राहिला. तो त्याने का ठेवला असेल, याचा विचार तुमच्यातल्या एकाच्याही डोक्याला शिवला नाही.

मलाही सगळं पटलं असं नाही. दर पाच मिनिटांनी तो ढॅण आवाज कशाला? शांतता चांगली रंगलेली असताना कुणीतरी ताट आपटल्यासारखं होतं. शेवटाकडे माणसं फार बोलतात, जे दिसलं तेच पुन्हा सांगतात. त्या बाईचं काम करणाऱ्या पूजा सावंतचा चेहरा पुरेसा होता, प्रवचन नको होतं. उषा नाईकांनी त्या घरची तुळसाबाई मात्र अशी केलीय की मायेने बोलली तरी घसा कोरडा पडावा. याला मत म्हणतात. पटलं नाही तर कुठं पटलं नाही ते बोट ठेवून दाखवायचं. 'बंडल' हा शब्द मी तुम्हाला सातवीत निबंधातही लिहू दिला नव्हता.

आणि तुळसाबाई पडद्यावर आली की मागून कोण ओरडत होतं, "येडी हाय ती, येरवड्याला टाका"? मान खाली घालू नकोस, तुझा आवाज मी ओळखतो, प्रार्थनेत तूच बेसूर असायचास. अरे, ती वेडी कुठंय? सिनेमा बघितला असतास तर कळलं असतं की ती पूर्ण शहाणी आहे. घर चालवते, स्वयंपाक करते, पोटुशीला प्रेमाने खाऊ घालते, आणि वंशाला मुलगाच हवा हा हिशेब थंड डोक्याने मांडते. हा हिशेब तिने वेडाच्या भरात मांडलेला नाही, गावाकडून शिकलाय. गर्भलिंग निदानावर देशात सगळ्यात आधी कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. दिल्लीचा कायदा 1994 चा. आणि 2011 च्या जनगणनेत याच महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली. दहा वर्षं आधी 913 होत्या. या मुली काय येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या पेशंटांनी कमी केल्या? सोनोग्राफीला पैसे मोजणारे सगळे हिशेबी लोक होते.

शहाणी माणसं काय करतात तेही ऐका. 1976 साली मी पुण्यात डी.एड.ला होतो. आधी जोशी कुटुंबात, मग अभ्यंकर कुटुंबात घरात शिरून खून झाले. दिवेलागणीला शहर दारं लावून बसायचं. रात्रीचे शेवटचे खेळ ओस पडले. खोलीवर आम्ही चौघं, दाराला टेबल लावून झोपायचो आणि लघवीला जायचं तर दुसऱ्याला उठवायचो. सगळं पुणं कुणीतरी माथेफिरू शोधत होतं. सापडली ती कला महाविद्यालयात शिकणारी पोरं, तुमच्या वयाची. चहा पिणारी, हॉटेलात बसणारी, नायलॉनची दोरी वापरणारी. चौघांना 1983 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यावर पुढे 'माफीचा साक्षीदार' सिनेमा निघाला, त्यात नाना पाटेकर होता. तो बघताना मला भीती वाटली ती याचीच, की पडद्यावरचं एकही माणूस वेडं वाटत नव्हतं.

चाकू-सुऱ्याच्या सिनेमांवर टीकाच करायची तर इथं करा ना! या जातीच्या शंभर सिनेमांत खुनी म्हणजे मनोरुग्ण, इस्पितळातून पळालेला. तुमचा तो 'हॅलोविन'वालाही त्यातलाच. खऱ्या जगात मानसिक आजाराचा माणूस मारतो कमी आणि मार खातो जास्त. हा आक्षेप तुम्ही घेतला असता तर मी उठून पाठ थोपटली असती. तुम्ही काय केलंत? सकाळी एसटीच्या थांब्यावर तो बिचारा बसतो, पोतं पांघरून, स्वतःशी बोलत. त्याच्यामागे दबा धरून बसलात आणि "लपाछपी, लपाछपी" करत त्याच्या कानात किंचाळलात. तो थरथरत रस्त्यावर धावला. हायवे आहे तो! समोरून टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याने ब्रेक लावला म्हणून आज मी तुम्हाला इथं बसवून बोलतोय, नाहीतर नसरापूरच्या चौकीत बोललो असतो. 'लपाछपी' आला त्याच 2017 साली संसदेने मानसिक आरोग्याचा नवा कायदा केला. त्या माणसाला सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे, असं त्यात लिहिलंय. त्याला भ्या वाटलं. तुम्हाला हवं होतं ते भ्या कुणाला तरी वाटलं एकदाचं.

सिनेमाच्या रात्री माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. नाव सांगत नाही, सांगितलं तर जाऊन चिडवाल. सिनेमा सुरू व्हायच्या आधी तिने नातसुनेला घरी पाठवलं, दिवस गेलेल्या बाईने असलं बघू नये म्हणून. मी मनात हसलो. स्वतः मात्र शेवटपर्यंत बसली. हातातल्या दुधावर साय धरली तरी प्यायली नाही. पाट्या पडायला लागल्या तेव्हा म्हणाली, "गुर्जी, तिला बाहेर पडायला वाटच न्हवती. कुणीकडंबी गेली तर ऊसच." शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं हे मत. तुम्ही सगळे पदवीला बसलेले. तिने बजेटचा हिशेब विचारला नाही. तिने काय दिसलं ते सांगितलं, आणि पुढे बराच वेळ गप्प राहिली. ती कशाकशाबद्दल गप्प होती ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता म्हणाल, आमच्या बोलण्याने काय फरक पडतो. पडतो. रामसे कुटुंबाचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' 1970 मध्ये आपटला. पण पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करायला येतो त्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात आणि तेवढ्यासाठी पुन्हा येतात, हे रामशांच्या पोरांनी थिएटरात बसून पाहिलं. तेवढ्यावर घरची माणसं आणि मोजके नट घेऊन ते महाबळेश्वरला गेले आणि 1972 मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला. गेले ते बहुधा आपल्याच या रस्त्याने. पिटातल्या लोकांच्या दचकण्यातून हिंदी भयपटांचं दुकान उभं राहिलं. उलटंही होतं. राही बर्वेचा 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा लोकांनी बेताचीच गर्दी केली. 2024 मध्ये पुन्हा लागला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला. सिनेमा तोच होता. मोठ्या हिरोच्या सिनेमाला तुमच्या टपरीवरच्या निकालाने ओरखडाही उठत नाही, त्याची पोस्टरं खेड-शिवापूरपासून लागलेली असतात. ज्याला पोस्टर परवडत नाही त्याला तुमच्या तोंडचाच आधार असतो. त्यात तुम्ही मिसरी थुंकता.

बास. उठा आता. रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या वर्गात यायचं, तोच सिनेमा दिवे बंद करून दाखवायला प्रोजेक्टर मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतलाय. काळे पडदे आहेत, स्पीकर धड आहे. पहिल्या पाटीनंतर दाराला आतून कडी. वही आणायची. प्रत्येकाने एकच प्रसंग लिहायचा, दहा ओळींत, त्यात 'बंडल', 'भारी' आणि 'बजेट' हे शब्द दिसले तर पान फाडून हातात देईन. एक तारा देणाऱ्याने वीस ओळी.

त्याआधी आत्ता थांब्यावर जा. सगळे नको, तो पुन्हा घाबरेल. किंचाळलेला एकटा जाईल, समोरून, हळू, त्याला दिसेल असा. चहा आणि बिस्किटाचा पुडा घेऊन. पैसे स्वतःच्या खिशातले.

आणि परवापासून माझी खुर्ची मंदिराच्या पटांगणात पडली आहे. कुणीतरी ती घरी आणून टाका.