शेवटचा सात

पौडला अकरावीच्या पोरांना मी लॉग शिकवतो. परीक्षेत लॉगटेबल, घरी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. दोनचा लॉग दाबला की माझ्या यंत्रावर ०.३०१०२९९९५७ येतं. शेवटचा सात खरा नाही. तिथे सहा आहे, पुढेही सहाच, म्हणून यंत्राने तो वाढवला. संख्या पुढे चालूच राहते, कधीही न संपता.

वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात ‘धवला’ या जैन टीकेत ‘अर्धच्छेद’ मांडला: बत्तीस किती वेळा निम्मे होतात? पाच. हाच दोनच्या पायाचा लॉग! हिरालाल जैनांनी १९३९ पासून हा ग्रंथ अमरावतीहून छापून आणला. जीव किती, काळ किती, हे मोजताना आचार्यांना अनंताचेही प्रकार करावे लागले. मोक्षाच्या वाटेवर गणित कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: मोजल्याशिवाय अमाप कळत नाही. पोरांनो, यंत्र वापरा, पण ते कुठे थांबलं तेही बघा.