खाल्ल्या घरचे वासे

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, असं आपल्याला लहानपणापासून बजावलं जातं. ही म्हण एखाद्या घरमालकानेच काढली असावी, असा माझा दाट संशय आहे. कारण वासे मोजायचे तर मान वर करावी लागते, आणि भाडेकरूने मान वर केलेली कुठल्याच मालकाला आजवर आवडलेली नाही.

आमच्या नाशकात पुराची सोय मोठी छान आहे. गोदावरीला पाणी चढलं की घराघरांतून एकच चौकशी, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्याला म्हटलं, की आपण निवांत चहा टाकतो. कमरेला म्हटलं, की छत्री घेऊन बघायला निघतो. गळ्याशी म्हटलं, की सराफ बाजारात आवराआवर सुरू. पण डोक्यावरच्या छपराला असा मारुती नाही. ते संपलं, हे ओळखायचं कसं?

तशा खुणा सरळ आहेत. गळती एकाच जागी असेल तर एखादं कौल फुटलेलं असतं; ते बदललं की भागतं. आता थेंबाच्या नेमकं वर भोक असतंच असं नाही. पाणी वाशाच्या अंगाने ओघळत येतं आणि त्याला सोयीच्या ठिकाणी, म्हणजे आपल्या अंथरुणावर, टपकतं. पण यंदा इथे, पुढच्या साली तिथे अशी गळती हिंडू लागली, कौलं आपली आपण घसरू लागली, तर कौलांना बोल लावू नये. खालच्या रिपा कुजल्या आहेत. वाशावर टकटक करावं. पोकळ वाजला तर आत वाळवीने संसार थाटलाय. मग समोर गल्लीत उभं राहून आढं बघावं. मधोमध वाकलं असेल, तर नुसतं शाकारून उपयोग नाही. छप्परच बदलायला हवं.

इतकं सोपं, मग ओळखत का नाही कोणी? कारण ओळखलं की खर्च आला. पहिल्या वर्षी आपण पातेलं ठेवतो, दुसऱ्या वर्षी बादली. तिसऱ्या वर्षी पलंग सरकवतो आणि ‘या बाजूला वारा छान येतो’ असं एकमेकांना सांगतो.

जुन्या वाड्यांत तर दोन पक्ष. मालक म्हणतो, "२० रुपये भाड्यात कौलं बदलू?" भाडेकरू म्हणतो, "छप्पर तुमचं, तुम्ही बघा." १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने यावर तोड काढली आहे. नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंतच. म्हणजे २४० रुपयांची चौथाई, ६० रुपये. एवढ्यात छप्पर बदलायचं तर नातवंडांना मृत्युपत्रात कौलांची यादीच द्यावी लागेल.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस येते, वाडा धोकादायक आहे. मालक ती भाडेकरूला दाखवतो, भाडेकरू वकिलाला. भाडेकरूला भीती, एकदा बाहेर पडलो की परत आत येणं नाही. मालकाला वाटतं, पडला तर सुटलो. दोघेही वाट बघत बसतात. असे वाडे जुन्या नाशकात पडले आहेत, आणि त्यांखाली माणसंही गेली आहेत. पडणारा वासा भाडं किती, हे विचारत नाही.

‘चालेल अजून एक पावसाळा’ असं आपण म्हणतो, तेव्हा डोळा बोलत नसतो, खिसा बोलत असतो. म्हणून मला छपरासाठी एक दुतोंड्या मारुती सुचवावासा वाटतो. मालकाने आणि भाडेकरूने आपापल्या नातवाचा पाळणा त्या वाशाखाली आणून ठेवावा. ठेवताना हात कचरला, की पाणी गळ्याशी आलं असं समजावं.

पाहुणे म्हणून गेलात, तर खुशाल खाली मान घालून जेवा. पण ज्या घरात रोज खाता, रोज निजता, त्याचे वासे आखाजी झाली की वर्षातून एकदा मोजायलाच हवेत. हा कृतघ्नपणा नव्हे. ज्यांनी इतकी वर्षं आपल्या डोक्यावरचं ओझं पेललं, त्यांची ती साधी विचारपूस आहे.