ओंडक्याची साक्ष

महाडच्या काठावरून सावित्रीचा पूर पाहणारा माणूस पाण्याचा वेग ठरवतो तो पोलादपूरकडून वाहत येणाऱ्या ओंडक्यावरून. ओंडका म्हणजे पाणी नव्हे, हे त्याला ठाऊक असते.

जर्मनीतील ग्राइफस्वाल्ड येथे २०१५ साली ‘वेंडेलस्टाइन ७-एक्स’ हा स्टेलरेटर सुरू झाला. त्यात वेड्यावाकड्या चुंबकांच्या कह्यात कोट्यवधी अंश तापलेला हायड्रोजनचा प्लाझ्मा फिरतो. गाभ्यात सळई घालावी तर ती वितळेल, प्रवाहही बिघडेल. म्हणून लेशमात्र आरगॉन सोडतात, त्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी किती सरकली त्यावरून वेग काढतात आणि तो गणिताशी पडताळतात. मोजला जातो पाहुणा. यजमानाची चाल ताडायची!

हे ज्ञान की अनुमान? मला हा प्रश्न नीतीचा वाटतो. १९५५ साली जिनीव्हात होमी भाभांनी वीस वर्षांत संमीलन-ऊर्जा काबूत येईल असे भाकीत केले. ते फसले, पण भाकीत म्हणूनच केले होते. अनुमान मोजमापाच्या वेषात वावरू लागले, की मात्र त्यावर विसंबणाऱ्याची फसवणूक होते. सावित्रीवरचा जुना दगडी पूल उभा आहे, म्हणजे भक्कम आहे, हेही अनुमानच होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो वाहून गेला, दोन एसटी गाड्यांसह. त्या अंधारात उतारूंना ना ओंडका दिसत होता, ना पाणी.