दंश सापाचा, वाद देवाचा

पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांत निंदण-डवरणी सुरू होते आणि सर्पदंशाचे दिवसही तेच असतात. घाटंजी, मारेगाव, झरी जामणीकडच्या गावात कुणाला ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, की त्याला कुठे न्यायचं, हे घरच्यांना उभ्या उभ्या ठरवावं लागतं. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात नेमक्या या घडीसाठी एक तरतूद आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. मंत्र म्हणणारा ‘आधी दवाखान्यात न्या’ म्हणाला, तर ही तरतूद त्याच्या वाटेला जात नाही.

या कायद्यावरून महाराष्ट्र वर्षानुवर्षं भांडला, तो मात्र या तरतुदीवरून नव्हे. वारी बंद होणार, घरात सत्यनारायण घातला तरी पोलीस येणार, अशी हूल उठली होती. 2005 मध्ये विधानसभेने मंजूर केलेलं विधेयक पुढे अडकून पडलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, घरातले धार्मिक विधी स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. नंदीबैलवाल्या ज्योतिषाचा सल्लासुद्धा वगळला आहे!

अपप्रचाराने लोकांच्या मनात खोटं भरलं, एवढंच त्याचं नुकसान मोजायचं का? मला मोठं नुकसान दिसतं ते दुसरंच. समर्थकांची शक्ती ‘आम्ही देवाच्या विरोधात नाही’ हे सांगण्यात खर्च झाली, विरोधकांची देव वाचवण्यात. ज्या आक्षेपाने कायदा अधिक चांगला झाला असता, तो या गदारोळात राहून गेला. हा कायदा मांत्रिकाला शिक्षा सांगतो. दवाखान्यावर मात्र कोणतीही जबाबदारी टाकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असेल का? प्रतिविषाच्या कुप्या असतील का? मण्यार चावून श्वास मंदावलेल्या माणसाला यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जिवंत कसं पोचवायचं? याबद्दल कायदा गप्प आहे.

मांत्रिकाचं दुकान चालतं त्यालाही कारण आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे बरेच रोगी मंत्राविनाही वाचलेच असते. पण वाचलेला माणूस गावभर सांगतो, गेलेल्याची बाजू मांडायला कुणी उरत नाही. त्यात दवाखान्यावरच्या अविश्वासाला निव्वळ अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरीत पोलिओच्या डोसऐवजी बारा बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले. मुलं वाचली, पण त्यानंतर सरकारी लसीबद्दल शंका घेणाऱ्या आईला आपण कोणत्या तोंडाने अंधश्रद्ध म्हणणार?

खोट्या भीतीच्या गदारोळात कायद्याचा खरा प्रश्न हरवणं केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत 2009 मध्ये आरोग्य सुधारणा विधेयकात एक साधी तरतूद होती: अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, यावर वृद्धांनी स्वेच्छेने डॉक्टरांशी बोलावं आणि डॉक्टरांना त्याचे पैसे सरकारी विम्यातून मिळावेत. रिपब्लिकन नेत्या सारा पेलिन यांनी त्यातून ‘मृत्यू मंडळं’ उभी केली, म्हातारी माणसं जगवायची की नाही हे बाबू ठरवणार म्हणून ओरड झाली. तरतूद गळली. 2010चा कायदा तिच्याविनाच झाला आणि त्या सल्ल्याचे पैसे मिळायला 2016 उजाडलं. भीती म्हाताऱ्यांच्या नावाने घातली आणि तोटाही त्यांचाच झाला.

म्हणून खोट्याचं खंडन करून थांबणं पुरेसं नाही. खंडन करणारा प्रतिपक्षाने आखलेल्या मैदानातच खेळत राहतो. कोणत्याही विधेयकाला चार प्रश्न विचारायला हवेत: त्यात नेमकं लिहिलंय काय, ते कुणाला बांधतं, कुणाला मोकळं सोडतं आणि अंमलाचा पैसा कुठून येणार? केंद्र सरकारच्या मार्च 2024च्या कृती आराखड्यात सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचं लक्ष्य आहे. त्यावर वारीइतका वाद कुठेच पेटला नाही. तो ग्रामसभेत पेटावा, आणि सुरुवात प्रतिविषाच्या साठ्याचा हिशेब मागण्यापासून व्हावी.