पाहायचं तर दिसायलाही हवं

जिम बुचर या अमेरिकन लेखकाची 'स्टॉर्म फ्रंट' ही कादंबरी २००० साली आली. तिचा नायक हॅरी ड्रेस्डेन शिकागोत राहतो. तो जादूगार आहे आणि पोट भरतो ते खासगी गुप्तहेरगिरीवर. टेलिफोन डिरेक्टरीत 'जादूगार' या सदराखाली त्याचं एकट्याचं नाव आहे. लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधायच्या, पोलिसांना न उलगडणाऱ्या खुनांच्या तपासात मदत करायची आणि भाडं कसं भरायचं याची काळजी करायची, असं त्याचं आयुष्य.

या हॅरीच्या अंगी एक शक्ती आहे. कुणाच्या डोळ्यांत त्याने क्षणभर रोखून पाहिलं, की त्या माणसाच्या मनाचा तळ त्याला दिसतो. तपास करणाऱ्याला याहून मोठं वरदान कोणतं? पण बुचरने या वरदानाला तीन अटी घातल्या आहेत. दोन माणसांमध्ये हे एकदाच घडतं. जे दिसलं ते पुढे जन्मभर पुसट होत नाही. आणि त्याच क्षणी समोरच्यालाही हॅरीचं अंतरंग तितकंच लख्ख दिसतं. म्हणून हॅरी बोलताना लोकांची नजर टाळतो. शिकागोच्या गुन्हेगारी जगाचा म्होरक्या मार्कोन मात्र मोटारीत बसल्या बसल्या मुद्दाम त्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो. हॅरीला वाघाच्या काळजाचा माणूस दिसतो, आणि आपली गाठ कुणाशी आहे हे मार्कोनलाही कळून चुकतं.

मला ही तिसरी अट फार मोलाची वाटते. १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स डॉ. वॉटसनला बघताक्षणी ओळखतो, की हा अफगाणिस्तानातून आला आहे. त्या वेळी होम्सचं स्वतःचं मन बंदच राहतं. पाहणारा एक आणि पाहिला जाणारा दुसरा, ही वाटणी आपल्याही इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातला अन्याय जाणवत नाही.

मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर कामाला येणाऱ्या मावशींची पिशवी जाताना उघडून बघतात. डबा, छत्री, एखादी जुनी साडी असं सगळं त्या मुकाट्याने बाहेर काढून दाखवतात. त्याच वेळी शेजारून फ्लॅटमालकांच्या गाड्या जातात. त्यांची डिकी कुणी उघडायला सांगत नाही. मावशी खऱ्या की खोट्या, हे ठरवणारे स्वतः कोणत्याच तपासणीला उभे राहत नाहीत.

जिथे आपलं काहीच उघडं पडणार नसतं, तिथे माणूस बेफिकिरीने बघतो आणि पटकन निकाल देऊन मोकळा होतो. हॅरीला तशी मुभा नाही. समोरच्यात डोकावायचं तर स्वतःला उघडं करावं लागतं आणि दिसलेल्याचं ओझं जन्मभर वागवावं लागतं. त्यामुळे तो गरज असेल तेव्हाच पाहतो, आणि पाहिलेलं हलक्याने घेत नाही.

आपल्याकडे जादू नाही, पण ही अट आपण स्वतःला घालू शकतो. कुणाची झडती घ्यावी, कुणाच्या घरातलं विचारावं, कुणाच्या नियतीवर शंका घ्यावी असं वाटलं, की आधी पाहावं: हाच प्रश्न त्याने मला विचारला तर मी उत्तर देईन का? देणार असेन, तर विचारायला हरकत नाही. देणार नसेन, तर तो प्रश्न विचारण्याचा हक्कही मला नाही.